वाटीतलं दूध

शिवकन्याला माणसांपेक्षा मशीनचा भरवसा जास्त. हे सगळ्या गावाला ठाऊक होतं आणि बहुतेकांनी ते एकदा तरी सोसलंही होतं.

परंड्याहून सोनारीकडं जाणाऱ्या रस्त्याला त्यांचं गाव. गावाच्या तोंडाशीच तिच्या सासरचं दूध संकलन केंद्र. केंद्र म्हणजे काय, पत्र्याची एक खोली, आत वजनकाटा, कॅन आणि टेबलावर फॅट काढायचं मशीन. शिवकन्या बारावी सायन्स झालेली. लग्न होऊन आली आणि महिनाभरात नवऱ्यापेक्षा, रणधीरपेक्षा, तिचाच हात मशीनवर पक्का बसला. सकाळी सहाला रांग लागायची. प्रत्येकाच्या किटलीतलं थोडं दूध छोट्या कपात घ्यायचं, नळीखाली धरायचं, गाईचं असलं तर गाईचं बटण, म्हशीचं असलं तर म्हशीचं. मिनिटभरात चिठ्ठी बाहेर. फॅट इतकं, दाटपणाची डिग्री इतकी, पाणी इतके टक्के.

आणि पाणी आलं की बाई कुणाची गय करायची नाही. चुलतसासऱ्याचं दूध परत पाठवलंय तिनं, आता बोला!

गजराबाई म्हणून एक म्हातारी होती. एकटा जीव, एकच गाय. उन्हाळ्यात एके सकाळी तिच्या दुधात मशीननं पाणी दाखवलं. म्हातारी टेबलाला धरून उभी राहिली. म्हणाली, "पोरी, म्या पानी घालंन व्हय गं? गाय आजारी हाय. वाळल्या कडब्यावर उभी हाय बिचारी, दूध पातळच यायचं की."

"आजी, मशीन खोटं बोलत न्हाय," शिवकन्या म्हणाली आणि तिनं किटली परत सरकवली.

रांगेतले दोघं-तिघं हसले. गजराबाई किटलीला झाकण लावून गेली. त्या वेळी शिवकन्याला पाचवा महिना होता.

शिवकन्याची आई ती दहावीत असतानाच गेली होती. माहेरी नुसते वडील, लिंबाजी. ते लेकीचं बाळंतपण काय करणार? म्हणून पहिलं बाळंतपण सासरीच करायचं ठरलं. सासू सारजाबाई सगळ्यांसमोर म्हणाली, "आई न्हाय म्हून काय झालं? म्या हाय की." आणि खोटं कशाला बोलायचं, सारजाबाईनं हात राखून काहीच केलं नाही. शेक-शेगडी, डिंकाचे लाडू, शेपूची भाजी, बाजरीची भाकरी दुधात कुस्करून. सुनेच्या डोक्याचा रुमाल सुद्धा स्वतः बांधायची.

पण बाळंतपण अवघडच गेलं. शिझर झालं. पोरगी झाली. नाव ठेवायचं ठरलं राजनंदिनी, आणि पोरीचं वजन दोन किलो तीनशे. नावाच्या ओझ्यानंच दबून जाईल एवढीशी.

तीन दिवस दूध उतरलं नाही. चौथ्या दिवशी उतरलं ते असं, की छाती दगडासारखी घट्ट झाली, अंगात ताप भरला, आणि पोरीला तोंडात धरताच येईना. धरायची, सुटायची, चिडायची, किंचाळायची. आठवड्यात दोन्हीकडं चिरा पडल्या. पोर अंगावर घेतली की शिवकन्या दातात पदर धरायची. एकदा पोरीच्या ओठाला रक्त दिसलं तेव्हा तिला वाटलं पोरीलाच काही झालं. ते तिचं स्वतःचं होतं.

सारजाबाई कडेला बसून म्हणायची, "आमाला पाच झाली बाई. एकाला बी बाटली दावली न्हाय." यात तिला टोचायचं होतं असंही नाही. पण टोचायचं ते टोचलंच.

याच्याही पुढचं एक होतं, ते शिवकन्यानं कुणालाच सांगितलं नाही. पोरीकडं बघून तिला काहीच वाटत नव्हतं. दुसऱ्या कुणाची तरी पोर सांभाळायला दिलीय, असं वाटायचं. पोर झोपली तरी हिला झोप येत नव्हती. भाकरी समोर आली की रडू यायचं, आणि कशाचं रडू ते तिचं तिलाही सांगता येत नव्हतं. लोक म्हणतात आई झाली की पान्हा फुटतो, माया फुटते. आपलं सगळं आतल्या आत आटलंय, आपण या कामाच्या लायकच नाही, असं तिनं मनाशी पक्कं करून टाकलं होतं.

बाराव्या दिवशी बारसं झालं. पोरगी पाळण्यात घातल्यापासून रडत होती. जमलेल्या बायका एकमेकींकडं बघत होत्या. एक म्हणालीच, "उपाशी हाय गं लेकरू." शिवकन्यानं मान खाली घातली ती वर केलीच नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, केंद्रावरची रांग सुरू व्हायच्या आधी, रणधीर खोलीत आला. एरवी दारातूनच विचारणारा माणूस, त्या दिवशी बाजेच्या कडेला बसला. तिचा हात हातात घेतला.

"लई दुखतंय का?"

तिला हुंदकाच फुटला. तेरा दिवसांत हे पहिल्यांदा कुणी विचारत होतं. बाकी सगळ्यांचा प्रश्न एकच, पोरगी प्याली का?

"असं कर," तो म्हणाला, "वाटीत काढून दे. म्या चमच्यानं पाजतो तिला. तू पड जरा."

वाटी तिच्या माहेरची होती. स्टीलची, बुडाला आईचं नाव कोरलेली. अर्धा तास लागला बघा. एका बाजूनं, मग दुसऱ्या बाजूनं, चिरांवरून बोट फिरलं की डोळ्यांपुढं अंधारी. रणधीर तोंड फिरवून बसला होता. शेवटी पाव वाटी निघालं. त्यानं वाटीवर ताटली झाकली, पोरीला खांद्यावर घेतलं आणि तो बाहेर गेला. शिवकन्या दोन तास मेल्यासारखी झोपली.

उठली तेव्हा पोरगी शेजारी गाढ झोपलेली होती. पोट टम्म.

"प्याली?"

"प्याली की. चाटूनपुसून प्याली," रणधीर म्हणाला.

आता हे लक्षात ठेवा, कारण शिवकन्यानं लई दिवस हेच एक जपून ठेवलं होतं. सगळं जग पोरीचं वजन बघत होतं तेव्हा एका माणसानं माझं दुखणं विचारलं. माझं दूध माझ्या लेकराच्या पोटात गेलं, आणि ते त्यानं आपल्या हातानं पाजलं. दिवसातून दहा वेळा ती ते आठवायची आणि त्यावर पुढचा तास काढायची.

पण त्या दिवसापासून पोरगी अंगावर घेतली की तोंड फिरवायला लागली. आधी निदान झगडायची तरी. आता दोन घोट ओढले की कंटाळायची, पाठ ताठ करायची. सारजाबाई म्हणायची, "झोपलीया, उठवू नगं," आणि पोरीला घेऊन केंद्राकडं जायची. पोरगी बाळसं धरत होती. छाती मात्र रोज हलकी होत होती, मऊ पडत होती. शिवकन्यानं याचा एकच अर्थ लावला. लेकराला सगळं कळतं. आपल्या मनात काही नाही हे पोरीला कळलंय, म्हणून ती आपल्याला नको म्हणतेय. यावर कुणाशी काय बोलणार?

सव्वा महिना झाला. सव्वा महिन्यानं बाळंतिणीनं विहिरीवर जाऊन पाणी पुजायचं, मग घराबाहेरच्या कामाला हात लावायचा, अशी रीत. सारजाबाईनं हळदकुंकू, पाच खडे, खोबरं-खारीक ताटात घालून दिली आणि पोरीला घेऊन स्वतः घरी थांबली. सोबत आलेल्या दोघी बायका पूजा झाल्यावर पुढं निघाल्या. शिवकन्या काठावरच राहिली. खाली पाणी हिरवं होतं, संथ. तिला वाटलं, पोरगी तशी पण आपल्यावाचून बरीच आहे. आपण नसलो तर कुणाचं काय अडणार?

किती वेळ गेला तिला कळलं नाही. मागून कुणीतरी दंडाला धरून तिला गपकन मागं ओढलं.

गजराबाई होती. गाईला पाणी पाजायला आलेली. म्हातारी धापा टाकत होती.

"येडी का खुळी गं तू? मशीननं तुज्या दुधात पानी दावलं म्हून जीव देतीस व्हय? माज्या गाईच्या दुधात दावलंतंस की तू. म्या दिला का जीव?"

"माझ्या दुधात?"

"मंग कुनाच्या? तुजी सासू सांगत व्हती रांगंत. सुनंचं दूध मशीनवर लावलं, निम्मं पानीच निघालं, म्हून बाटली लावली पोरीला." आणि मग शिवकन्याचा चेहरा बघून म्हातारीची जीभ अडखळली. "तुला म्हाईत न्हाय? अगं बया... म्या आपलं म्हनलं तुला ठावं असंल."

तर असं होतं. रांगेतल्या किटलीवाल्यांना माहीत होतं, विहिरीवरच्या म्हातारीला माहीत होतं. जिचं दूध, तिलाच तेवढं माहीत नव्हतं.

शिवकन्या घरी गेली नाही. सरळ केंद्रात गेली. दुपारची वेळ, खोलीत कुणी नव्हतं. जुन्या चिठ्ठ्या कुठं असतात हे तिच्याएवढं कुणाला माहीत? भिंतीवरच्या तारेला टोचलेल्या. दूध घालणाऱ्या प्रत्येकाला एक कोड नंबर, घरच्या म्हशीचा एक. एक नंबरच्या चिठ्ठ्या तिनं बोटानं सरकवत नेल्या आणि बारशाच्या दुसऱ्या दिवसावर बोट थांबलं. त्या तारखेला संध्याकाळच्या एक नंबरच्या दोन चिठ्ठ्या होत्या. एक म्हशीची. दुसरीवर छापलं होतं: वेळ संध्याकाळ, प्रकार गाय, फॅट दोन पॉइंट एक, पाणी एकतीस टक्के.

प्रकार गाय. मशीनवर दोनच बटणं. रणधीरनं त्यातलं गाईचं दाबलं होतं.

आणि खरं सांगायचं तर त्या क्षणी तिला राग आलाच नाही. आधी तिनं चिठ्ठीवर विश्वास ठेवला. एकतीस टक्के. म्हणजे खरंच आपल्या अंगात दूध नाहीच. मशीन खोटं कशाला बोलेल? ती खाली बसली. कॅनच्या मागं कोपऱ्यात दुधाची बाटली होती, निपलला झाकण लावलेली, वर रुमाल टाकलेला. नीट, स्वच्छ धुतलेली. रोज कुणीतरी काळजीनं धूत होतं.

मग तिला वाटी आठवली, आणि आता मात्र डोक्यात सणक गेली.

रणधीर साडेचारला आला. बाहेर किटल्या घेऊन चार-पाच माणसं उभी होती. तिनं कुणाची पर्वा केली नाही. चिठ्ठी टेबलावर ठेवली.

"ही कशाची?"

रणधीरनं बघितलं आणि तोंड उतरलं. "आई म्हनली... बारशात बायका बोलल्या, तर एकदा बघू म्हनली."

"तुमच्या आईचं ऱ्हाऊ द्या. म्या तुमाला इचारतीया. पोरीला पाजतो म्हनला व्हता."

"पोरगी मरंल म्हून भ्यालो गं. रोज वजन उतरत व्हतं."

"मंग मला सांगायचं. दवाखान्यात न्यायचं. बाटली लावायची तर माझ्या म्होरं लावायची, म्या काय पोरीची वैरीन हाय?" तिचा आवाज चिरकला. "म्हैनाभर ती माझ्याकडून तोंड फिरवतीया. म्हैनाभर म्या समजतीया की लेकराला म्या नकोशी झाले. आन तुमी दोघं हितं तिचं पोट भरून माझ्याकडं आनून देत व्हता!"

बाहेरची माणसं किटल्यांकडं बघत उभी राहिली.

"मशीनला घोटभरच लागतं," ती म्हणाली. आता हळू बोलत होती. "वाटीतलं बाकीचं?"

रणधीरनं कॅनचं झाकण उगाच उघडून परत लावलं.

"बाकीचं दूध कुठं गेलं?"

"मोरीत वतलं," तो म्हणाला. "पानीच हाय म्हून... म्हनलं कशाला पाजायचं."

"चाटूनपुसून प्याली म्हनला व्हता." ती एवढंच बोलून घरात गेली, भिंतीकडं तोंड करून पडली. रात्री जेवली नाही, सकाळी उठली नाही, पोरीला जवळ आणलं तर हात पुढं केला नाही. सारजाबाई आधी तणतणली, मग घाबरली. "एवढं काय केलं आमी? लेकरू जगवलं न्हाय का?" असं दहा वेळा म्हणाली. पोर जगवली होती हे खरंच होतं. म्हणून तर भांडायलाही धड जागा नव्हती.

दुसऱ्या दिवशी गजराबाईनं गाय शेजाऱ्याच्या हवाली केली आणि दोन किलोमीटर चालत आरोग्य उपकेंद्रात गेली. तिथल्या चारुशीला सिस्टर तिच्यासोबतच आल्या. त्या आधीही दोनदा येऊन गेल्या होत्या, बरं का. दोन्ही वेळा सारजाबाईनं दारातूनच सांगितलं होतं, बाळंतीण झोपलीया, समदं झाक हाय. या वेळी सिस्टरनी सारजाबाईला बाजूला केलं आणि त्या बाजेवर जाऊन बसल्या.

जखमा बघितल्या. झोप, जेवण विचारलं. मग खोलीतल्या सगळ्यांना बाहेर घालवून हळूच विचारलं, "जीव नकोसा वाटतो का गं?"

"व्हय," शिवकन्या म्हणाली. हा शब्द तोंडातून बाहेर पडला आणि ती ढसाढसा रडली.

त्याच दिवशी दुधाच्या पिकअपमधून तिला आणि पोरीला धाराशिवच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरीण बाईंनी सांगितलं, हे बाळंतपणानंतरचं नैराश्य आहे, आजार आहे, हिच्या स्वभावाचा दोष नाही, औषधानं आणि माणसांच्या आधारानं बरं होतं. 'माणसांच्या आधारानं' म्हणताना त्यांनी रणधीरकडं बघितलं. तो फरशीकडं बघत होता.

शिवकन्यानं चिठ्ठी सोबत आणली होती. घडी घालून, ब्लाउजात. तिसऱ्या दिवशी चारुशीला सिस्टर भेटायला आल्या तेव्हा तिनं ती पुढं केली. सिस्टरनी वाचली, आणि असल्या संतापल्या की शेजारच्या खाटेवरची बाई उठून बसली.

"अगं, हे मशीन गाई-म्हशीसाठी बनवलंय! बाईच्या दुधाचं तिसरं बटण हाय का त्याला? आईचं दूध गाईसारखं नसतंच. त्यात पहिल्या धारंचं पातळच असतं, घट्ट मागून येतं. तू दुखतंय म्हणून वरवरचं काढलंस, त्यानं ते गाईच्या मापानं मोजलं. तू सायन्स शिकलेली ना गं?"

शिवकन्यानं चिठ्ठीची पुन्हा घडी घातली. मग म्हणाली, "सिस्टर, गाय आजारी असली, उपाशी असली, तर बी मशीन पानी दावत असंल का?"

"मला गाईचं काय माहीत? पण दावत असंल की. का गं?"

"काय न्हाय," शिवकन्या म्हणाली.

औषधाचा गुण यायला वेळ लागला. तिथल्या नर्सनं पोरीला कसं धरायचं, तोंड किती उघडल्यावर जवळ घ्यायचं, दर दोन-तीन तासांनी दूध कसं काढायचं, सगळं हातात हात धरून शिकवलं. आता सगळं दूध परत आलं, असं काही झालं नाही. निम्मं आलं. निम्मं वरचं द्यावं लागलं, आणि ते शिवकन्यानं स्वतःच्या हातानं दिलं. पंधराव्या दिवशी पोरगी पिताना एकदम थांबली आणि डोळे वर करून तिच्याकडं बघत राहिली. तेव्हा शिवकन्यानं तिच्या गालावर बोट टेकवलं. आपली आहे ही, असं पहिल्यांदा वाटलं.

त्याच दुपारी नर्स म्हणाली, उरलेलं वाटीत काढ, तासाभरानं चमच्यानं देऊ. शिवकन्यानं काढलं. अर्धी वाटी भरली. रणधीर खाटेजवळ उभा होता. पंधरा दिवस हा माणूस बाकावर झोपला होता, धावपळ केली होती, धुणी धुतली होती. कोण नाही म्हणतं? त्यानं हात पुढं केला.

"दे. म्या पाजतो."

शिवकन्यानं वाटीवर पदर धरला आणि नर्सला हाक मारली.

आता घरी येऊन तिला चार महिने झालेत. नेमानं गोळ्या खाते, महिन्याला धाराशिवला दाखवून येते. सकाळी सहाला पुन्हा मशीनवर असते. गजराबाई पहिल्या दिवशी किटली घेऊन आली तेव्हा शिवकन्या टेबलामागून उठून बाहेर गेली आणि सगळ्या रांगेदेखत तिच्या पाया पडली. म्हातारी म्हणाली, "ऊठ ऊठ, दूध मोज, गाय वाट बघतीया." पण त्यानंतर कुणाच्या दुधात पाणी दिसलं तर शिवकन्या आधी जनावराची तब्येत विचारते. सारजाबाईशी बोलते, तिच्या हातचं जेवते. रणधीरशी भांडत नाही. त्याचा डबा भरते, त्याच्यासोबत परंड्याच्या बाजाराला जाते, पोरगी त्याच्या अंगावर खुशाल टाकून कामाला लागते. बघणाऱ्याला वाटेल, झालं गेलं मिटलं.

परवा केंद्रावरून यायला तिला उशीर होणार होता. तिनं जायच्या आधी दूध काढून ठेवलं, आईच्या नावाची वाटी ताटलीनं झाकली आणि ती सोबतच घेऊन निघाली. रणधीर दारात पोरीला घेऊन उभा होता.

"आगं, वाटी तरी ठिव," तो म्हणाला. "भूक लागली तर म्या पाजीन की. किती दिवस असं?"

शिवकन्या थांबली. पोरीच्या टाळूवरून हात फिरवला. त्याच्या खांद्यावरचं दुपटं नीट केलं.

"रडाया लागली तर केंद्रावर आना," ती म्हणाली. "पोरगी तुमच्यापाशी ऱ्हाऊ द्या. वाटी न्हाय."